लॉगिनच्या पडद्यावर कीबोर्ड मुका, नवा लावला तरी तेच

चंद्रभागा_काठ
नमस्कार मंडळी. घाईत आहे, त्यामुळे थेट मुद्द्यावर येते.

आमचं तालुक्याच्या गावी दाखले काढून द्यायचं सेवा केंद्र आहे. ॲडमिशनचे दिवस. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल, सगळ्यांची दारात रांग. आणि मुख्य कॉम्प्युटर सकाळपासून पिनच घेत नाहीये. पिन चुकला असं म्हणत नाही, चौकटीत टिंबच उमटत नाही. भराभर कीज दाबल्या तर काहीच नाही, मग वैतागून जोरात दाबलं की एखादं टिंब येतं. मधूनच टक् असा बारीक आवाज येतो.

विंडोज १० आहे. माउस व्यवस्थित चालतो. बंद करून चालू करून झालं. शेजारच्या रिपेअरवाल्याने येऊन कीबोर्ड गेला म्हणून सांगितलं. नवा यूएसबी कीबोर्ड आणला, तोही अगदी तसाच वागतोय. आता तो म्हणतो मदरबोर्ड बघावा लागेल, मशीन दुकानात ठेवून जा. मशीन ठेवलं तर रांगेला काय उत्तर देऊ?

नानबा
पंढरीत राहून तुम्ही आम्हाला साकडं घालताय, मजा आहे. (हलके घ्या.)

पण दोन कीबोर्ड एकाच दिवशी एकाच प्रकारे बिघडत नसतात. मदरबोर्डला हात लावू देऊ नका इतक्यात.

खटपट्या
ताई, मशीन कुठेही देऊ नका. आधी एवढंच करून बघा. पिनच्या चौकटीत माउसने क्लिक करा आणि कुठलाही एक आकडा दाबून धरा. टिचकी मारायची नाही, दाबून ठेवायचा, मनात सावकाश "विठ्ठल विठ्ठल" म्हणेपर्यंत. टिंब येतं का सांगा.

चंद्रभागा_काठ
आलं! दाबून धरलं की येतं, दर वेळी येतं. हे काय प्रकरण आहे?

खटपट्या
फिल्टर कीज. कीबोर्ड ठणठणीत आहे, दोन्ही.

उजवीकडची शिफ्ट दाबून धरा, सलग आठ सेकंद. उजवीच, डावी नाही. उतरत्या सुरात आवाज आला तर बंद झालं समजा. आवाज नाही आला तर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली तीन चिन्हं असतील. पॉवरच्या बटणाशेजारी तुटक रेषांचं वर्तुळ आणि बाण असं एक चिन्ह दिसेल, त्यावर माउसने क्लिक करा. नॅरेटर, मॅग्निफायर, ऑन-स्क्रीन कीबोर्ड, हाय कॉन्ट्रास्ट, स्टिकी कीज, फिल्टर कीज अशी यादी उघडते. शेवटचं चालू दिसेल, ते बंद करा.

आधी रांग मोकळी करा, बाकीचं नंतर लिहितो.

चंद्रभागा_काठ
झालं!! एका क्लिकमध्ये. खटपट्या, तुमच्या तोंडात साखर पडो. संध्याकाळी सविस्तर वाचते.

कृष्णाकाठचा_वडापाव
धागा वाचत होतो. खटपट्या, हे फिल्टर कीज नेमकं करतं काय? माझ्या मुलाच्या लॅपटॉपवर मध्यंतरी असंच झालं होतं, आम्ही सरळ विंडोज नव्याने टाकून घेतलं. फोटो गेले ते वेगळंच.

खटपट्या
फोटोंचं वाईट वाटलं. नव्याने विंडोज टाकणं हा आपल्याकडे सगळ्या रोगांवरचा काढा झालाय.

फिल्टर कीज म्हणजे कीबोर्डच्या दारावर बसवलेला पहारेकरी. ज्यांचे हात थरथरतात, बोट चुकून शेजारच्या कीवर पडतं किंवा एकच की दोनदा दाबली जाते, त्यांच्यासाठी ही सोय आहे. ती चालू असली की विंडोज ओझरता स्पर्श मोजतच नाही. की ठरावीक वेळ दाबून धरली तरच अक्षर आत घेतं, आणि मूळ सेटिंगमध्ये ही वेळ एक सेकंद आहे. आपण टाइप करताना एक की साधारण सेकंदाचा दहावा हिस्सा धरतो, म्हणून सगळं मुकं वाटतं. ताईंना वैतागून जोरात दाबल्यावर टिंब दिसायचं ते जोरामुळे नव्हे. वैतागलेला माणूस की जास्त वेळ दाबून धरतो, एवढंच. आणि तो टक् आवाजही फिल्टर कीजचाच, की दाबली गेल्याची पोच.

कीबोर्ड बदलून उपयोग होत नाही, कारण अडवणूक तारेच्या त्या टोकाला नाही, विंडोजच्या आत आहे. हजार कीबोर्ड आणा, सगळ्यांना तोच पहारेकरी.

यात एक पुढचा घोळ होतो. पिन अर्धवट जातो, माणूस एंटर मारतो, चुकीचा पिन म्हणून नोंद होते. असं काही वेळा झालं की विंडोज पिन मागायचं थांबवतं आणि ए, एक, बी, दोन, सी, तीन अशी अक्षरं-आकडे टाइप करून दाखवा म्हणतं. पाहणं एवढंच असतं की कीबोर्ड नीट चालतोय ना. फिल्टर कीज चालू असताना तेही टाइप होत नाही, मग लोक समजतात व्हायरस आला. नाही आला. तिथेही एकेक अक्षर दाबून धरून लिहिता येतं. पिनऐवजी पासवर्ड असेल तर मात्र धडाधड एंटर मारू नका. विंडोज ११ च्या २०२२ नंतरच्या ताज्या इन्स्टॉलमध्ये दहा मिनिटांत दहा चुका झाल्या की लोकल खातं दहा मिनिटं कुलूपबंद होतं.

सफरचंद_पुणे
मॅकवर असले प्रकार होत नाहीत.

नानबा
आलेच.

गनू_लिनक्स
मॅकवर याच गोष्टीचं नाव स्लो कीज आहे, आणि ती लॉगिनच्या खिडकीवरही चालू करता येते. ऑप्शन, कमांड आणि एफ ५ एकत्र दाबून बघा काय उघडतं ते.

लिनक्सवाल्यांसाठी: नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये लॉगिनच्या पडद्यावर वर उजवीकडे माणसाच्या आकृतीचं चिन्ह असतं, त्यात स्लो कीज, स्टिकी कीज, बाउन्स कीज सगळं आहे. लॉगिनचा पडदा स्वतःच्या वेगळ्या युजरखाली चालतो. त्यामुळे आपल्या खात्यात जाऊन स्लो कीज बंद केल्या तरी लॉगिनच्या पडद्यावर त्या चालूच राहू शकतात. लोक इथे फसतात.

सफरचंद_पुणे
उघडलं. माघार. 🙏

टंकलेखक_सर
विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून लिहितो. सांगलीकडे माझी टायपिंगची संस्था आहे, परीक्षा परिषदेच्या जीसीसी-टीबीसीची, म्हणजे सरकारी कॉम्प्युटर टायपिंग परीक्षेची मुलं येतात. नव्या बॅचला पहिल्या काही दिवसांत हे हमखास होतं.

मराठी रेमिंग्टन लेआउटमध्ये शिफ्टचं काम फार. अर्धी-पूर्ण अक्षरं, जोडाक्षरं, कितीतरी गोष्टी शिफ्टवर बसलेल्या. नियम असा की डाव्या हाताचं अक्षर असेल तर शिफ्ट उजव्या करंगळीने दाबायची. नवखी मुलगी उजवी शिफ्ट दाबून ठेवते, मान वळवून उताऱ्यात बघते, मग कीबोर्डवर अक्षर शोधते. तोवर आठ सेकंद झालेले असतात. पडद्यावर चौकट येते: फिल्टर कीज चालू करायच्या का? ती घाबरून एंटर मारते. एंटर म्हणजे हो.

दुसरा वर्ग मुलग्यांचा. गेममध्ये पळायला शिफ्ट लागते म्हणे. लागोपाठ पाच वेळा शिफ्ट दाबली की स्टिकी कीजची चौकट येते, तीही अशीच न वाचता स्वीकारली जाते. मग दुसऱ्या दिवशी मशीन म्हणतं पासवर्ड चुकीचा, आणि पोरगं शपथेवर सांगतं की सर मी काही केलं नाही.

वैदेही_ठाणे
स्टिकी कीजमुळे पासवर्ड का चुकतो पण? त्यात तर सगळ्या कीज चालतात.

टंकलेखक_सर
चालतात, पण शिफ्ट "चिकटते". एकदा दाबून सोडली तरी पुढच्या अक्षरापर्यंत दाबलेलीच मानली जाते. लागोपाठ दोनदा दाबली तर कुलूप लागतं, तिसऱ्यांदा दाबेपर्यंत सगळी अक्षरं मोठी आणि आकड्यांच्या जागी वरची चिन्हं. पासवर्डच्या चौकटीत दिसतात फक्त टिंबं, त्यामुळे कळायला मार्ग नाही. चौकटीच्या कडेला डोळ्याचं चिन्ह असतं, ते दाबून धरून एकदा वाचून बघावं. दोनच्या जागी ॲट दिसलं तर शिफ्ट अडकली आहे.

कंट्रोल चिकटलं असेल तर आणखी गंमत, अक्षर उमटतच नाही.

स्टिकी कीज बंद करायला शिफ्ट आणि दुसरं कुठलंही अक्षर एकदम दाबायचं. दोन कीज एकत्र दाबता आल्या म्हणजे या माणसाला सोयीची गरज नाही, असं मानून ती आपोआप बंद होते. हे ज्याने कुणी ठरवलं त्याला मी मनातून नमस्कार केला आहे.

बे_एरियातली_माई
आईबाबा डोंबिवलीत, मी इथे, आणि फोनवरून टेक सपोर्ट. त्यामुळे या सगळ्यातून गेलेय. मागे आईचा लॅपटॉप एकदम बोलायला लागला. लॉगिनच्या पडद्यावर बटणांची नावं वाचून दाखवतोय, इंग्रजीत, चढ्या आवाजात. आईला वाटलं कुणीतरी आत शिरलंय, तिने लॅपटॉपवर टॉवेल टाकला. तो नॅरेटर होता. विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबलं की तो सुरू होतो आणि तसंच दाबलं की गप्प बसतो.

माझा मुद्दा वेगळा आहे. अशा वेळी वडीलधारी माणसं गुगलवर "कस्टमर केअर नंबर" शोधतात आणि भलत्यालाच फोन लावतात. तो म्हणतो अमुक ॲप टाका, मी तुमचा पडदा बघून दुरुस्त करतो, आणि मग बँकेचं खातं उघडायला लावतो. आईबाबांना मी घोकून घ्यायला लावलंय: मशीन विचित्र वागलं की आधी मला फोन, मी झोपलेली असले तरी.

रात्रीचा_पहारा
लॉगिनच्या पडद्यावर अडकलात तर इतका त्रास कशाला? पेन ड्राइव्हवरून बूट करा आणि
[या प्रतिसादातला पुढचा भाग काढला आहे. दुसऱ्याच्या मशीनचं कुलूप तोडायच्या कृती इथे नकोत. संपादक]

खटपट्या
संपादकांचे आभार. कृती न देता एवढं सांगतो, कारण ऑफिसात मशीन सांभाळणाऱ्यांना ते माहीत असायला हवं. पाच वेळा शिफ्ट दाबल्यावर जो छोटा प्रोग्राम चालतो तो लॉगिनच्या आधी, सिस्टिमच्या पूर्ण अधिकाराने चालतो. त्या प्रोग्रामच्या जागी दुसरं काही ठेवलं तर पासवर्डशिवाय आत शिरता येतं. ही युक्ती इतकी जुनी आहे की मायटर या अमेरिकन संस्थेच्या सायबर हल्ल्यांच्या यादीत तिला स्वतंत्र क्रमांक आहे आणि विंडोज डिफेंडर ती ओळखतो. कुणाच्या मशीनवर लॉगिनच्या पडद्यावर पाच वेळा शिफ्ट दाबल्यावर चौकटीऐवजी काळी कमांडची खिडकी आली, तर तिथे कुणीतरी हात मारून गेलाय. नेट तोडा आणि जाणकाराला बोलवा. डिस्क बिटलॉकरने (विंडोजची डिस्क सांकेतिक रूपात ठेवायची सोय) कुलूपबंद असेल तर पेन ड्राइव्हवाल्याला हे जमत नाही.

एकहाती
मी या धाग्यावर थोडं वेगळं लिहिणार आहे, चालेल ना?

तीन वर्षांपूर्वी मला अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात अजून कामाचा नाही. अकाउंट्सचं काम करतो, पूर्वीही करायचो. एका हाताने मेलमधलं ॲट कसं टाइप करायचं? कंट्रोल-सी एकवेळ जमतं, अंगठा आणि बोट ताणून. पण ऑफिसच्या मशीनवर लॉगिनच्या आधी कंट्रोल, आल्ट आणि डिलीट एकदम दाबावं लागतं. कीबोर्डवर बघा एकदा, कंट्रोल-आल्ट कुठे आणि डिलीट कुठे. पहिल्या दिवशी शिपायाला हाक मारून लॉगिन करून घेतलं. त्याने हसत करून दिलं, पण रोज कुणाला हाक मारणार?

फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी सांगितलं: पाच वेळा शिफ्ट दाबा. चौकट आली, हो म्हटलं. मग कंट्रोल दाबलं, सोडलं. आल्ट दाबलं, सोडलं. डिलीट. पासवर्डची चौकट समोर.

म्हणून विनंती अशी की "हे फालतू फीचर लॉगिनवर ठेवलंच कशाला" असं लिहिताना थोडा विचार करा. या धाग्यावर अजून कुणी तसं लिहिलेलं नाही, पण इतरत्र हमखास वाचतो. लॉगिनच्या आत गेल्यावर सेटिंग मिळून मला काय उपयोग? मी दाराबाहेरच उभा असतो. शॉर्टकट कीबोर्डवरूनच लागायला हवा, कारण ज्याला माउस जमत नाही असाही कुणी असतो.

नानबा
दंडवत. मी वर फालतू विनोद केले त्याबद्दल काही म्हणत नाही, पण हा प्रतिसाद वर टांगून ठेवा कुणीतरी.

वैदेही_ठाणे
+१

माझ्या सासऱ्यांना पार्किन्सन्स आहे. त्यांना रोज देवळाच्या ट्रस्टची पत्रं टाइप करायची हौस. "राम" लिहायला गेले की "रररराम". त्यांना हे फिल्टर कीज लावता येईल का? पण एक सेकंद दाबून धरणं त्यांना नाही जमायचं, बोट स्थिर राहत नाही.

खटपट्या
लावता येईल, आणि त्यांच्यासाठी त्यातला दुसरा भाग वापरा. फिल्टर कीजच्या आत दोन वेगळे पर्याय आहेत. एक म्हणजे ओझरता स्पर्श दुर्लक्षित करणं, ताईंना ज्याने छळलं ते. दुसरा म्हणजे तीच की पुन्हा पुन्हा पडली तर दुर्लक्षित करणं, याला बाउन्स कीज म्हणतात. पहिला बंद ठेवा, दुसरा चालू करा आणि वेळ अर्धा सेकंद निवडा. मग पहिला र उमटतो, अर्ध्या सेकंदाच्या आत पडलेले बाकीचे र गळून जातात. जास्त थरथर असेल तर वेळ थोडी वाढवा. फक्त सांगून ठेवा की "मम्मी"सारखं, तेच अक्षर लागोपाठ लागणारं काही लिहिताना मध्ये क्षणभर थांबायचं.

शेजारची की चुकून दाबली जाणं हा त्रास असेल तर मात्र पहिलाच पर्याय लागतो, वेळ एक सेकंदाहून बरीच कमी करून.

वैदेही_ठाणे
केलं. त्यांनी आत्ताच "श्री राम मंदिर ट्रस्ट" एका दमात टाइप केलं आणि मला बोलावून दाखवलं. 😊

कृष्णाकाठचा_वडापाव
रच्याकने, ही शिफ्ट पाच वेळा दाबायची कल्पना काढली कुणी? मायक्रोसॉफ्टने?

गनू_लिनक्स
नाही, मुळात विद्यापीठातून आलेली गोष्ट आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात ट्रेस सेंटर नावाची संशोधन संस्था होती, ग्रेग व्हँडरहायडन यांनी उभारलेली. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळात तिथल्या लोकांनी ॲक्सेसडॉस नावाचं सॉफ्टवेअर केलं. स्टिकी कीज, स्लो कीज, माउस कीज, टॉगल कीज हे सगळं त्यात. विंडोज ९५ आलं तेव्हा या सोयी थेट विंडोजच्या आत बसवल्या गेल्या आणि तेव्हापासून प्रत्येक आवृत्तीत आहेत. लिनक्सवर पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या एक्स विंडोमध्येही त्याच परंपरेतून आल्या, म्हणून पाच वेळा शिफ्ट आणि आठ सेकंद शिफ्ट हे आकडे सगळीकडे सारखे दिसतात.

आठ सेकंद मला फार शहाणपणाचे वाटतात. सहज टाइप करताना एवढा वेळ शिफ्ट कुणी धरत नाही, सरांच्या विद्यार्थिनी सोडून. पण ज्याला दोन कीज एकत्र दाबता येत नाहीत त्याला एक की धरून ठेवणं शक्य असतं.

चंद्रभागा_काठ
मंडळी, आज सकाळी परत तेच! आता मला बंद करता येतं, केलंही. पण रोज का चालू होतंय? रात्री कुणी येत नाही, शटर बंद असतं.

टंकलेखक_सर
ताई, मशीन रात्री बंद करता की लॉक करून जाता? आणि सकाळी टेबल कोण पुसतं?

चंद्रभागा_काठ
लॉक करून जाते, सर्व्हरवर काही अपलोड चालू असतं. पुसायला मावशी येतात, माझ्या आधी. टेबल, खुर्च्या, कीबोर्ड सगळं ओल्या फडक्याने चकाचक करतात. पण त्या मशीनला हात लावत नाहीत हो.

अरे देवा. कीबोर्ड.

नानबा
केस सुटली.

टंकलेखक_सर
आमच्याकडेही हेच व्हायचं. फडकं उजव्या कडेवर दाबून फिरवलं की शिफ्ट आणि तिच्यावरचं एंटर दोन्ही फडक्याखाली येतात. शिफ्ट आठ सेकंद धरली गेली, चौकट आली, वर सरकताना एंटर दबलं, काम तमाम. मावशींना काही म्हणू नका. नम लॉकवर फडकं पाच सेकंद राहिलं तर टॉगल कीज चालू होतात, मग कॅप्स लॉक किंवा नम लॉक दाबलं की टूँ असा आवाज यायला लागतो. त्याने काही अडत नाही, पण लोक घाबरतात.

यूएसबीचा कीबोर्ड पुसण्याआधी तार काढायला शिकवा. लॅपटॉप असेल तर बंद करूनच पुसायचा.

चंद्रभागा_काठ
मावशींना आत्ताच फोन केला. त्या म्हणाल्या, "ती टूँटूँ वाजायची व्हय? मला वाटलं मशीन चालू हाय म्हनून वाजतंय."

पण सर, एखाद दिवशी विसरतील. हे शॉर्टकटच बंद करता येईल का? आमच्याकडे तिघीच बसतो, तिघींनाही याची गरज नाही.

खटपट्या
येतं. आत शिरल्यावर सेटिंग्ज, ईझ ऑफ ॲक्सेस, कीबोर्ड. विंडोज ११ मध्ये ईझ ऑफ ॲक्सेसच्या जागी ॲक्सेसिबिलिटी असं लिहिलेलं दिसेल. स्टिकी कीज, फिल्टर कीज, टॉगल कीज, प्रत्येकाखाली "शॉर्टकटने चालू होऊ द्या" अशा अर्थाची खूण असते, ती काढा. फीचर नव्हे, फक्त शॉर्टकट बंद होतो.

पण हे झालं तुमच्या खात्यापुरतं. गनूने लिनक्सबद्दल जे लिहिलं तेच विंडोजलाही लागू आहे: लॉगिनचा पडदा तुमच्या खात्याची सेटिंग्ज वाचत नाही, त्याची वेगळी साठवण असते. ती रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात, एचकी-युजर्सखाली डॉट-डिफॉल्ट नावाच्या फांदीत सापडते. पुढे कंट्रोल पॅनल, ॲक्सेसिबिलिटी. तिथे स्टिकी कीजच्या फ्लॅग्जची किंमत ५१० असते ती ५०६ करायची, कीबोर्ड रिस्पॉन्समध्ये १२६ ची १२२, टॉगल कीजमध्ये ६२ ची ५८. तिन्हीकडे बरोबर चार वजा होतात, कारण चार ही शॉर्टकटची खूण आहे. आकडे याहून वेगळे दिसले तर थांबा आणि इथे विचारा, उगाच चार वजा करू नका. आणि हात लावण्याआधी ती फांदी एक्स्पोर्ट करून ठेवा. रजिस्ट्रीत अनडू नाही.

एक मात्र ध्यानात घ्या. हे तुमच्या तिघींच्या मशीनवर ठीक. लायब्ररी, कॉलेजची लॅब, सायबर कॅफे, जिथे कुणीही बसू शकतं, तिथे लॉगिनवरचे शॉर्टकट बंद करू नयेत असं माझं मत आहे. एकहाती यांनी कारण लिहिलंच आहे.

एकहाती
आभार. आणि लॅबवाल्यांना सांगतो: बंद केलंच असेल तर निदान कोपऱ्यातलं ते चिन्ह तरी झाकू नका. माझ्या एका क्लायंटकडे मॉनिटरच्या त्याच कोपऱ्यावर "अमुक कॉम्प्युटर्स, सेवा तत्पर"चा स्टिकर डकवलेला होता.

टंकलेखक_सर
मला वीस मशीन आहेत आणि त्यातली दोन मी मुद्दाम तशीच ठेवली आहेत. एक विद्यार्थी पोलिओमुळे एका हाताने टाइप करतो. त्याचं मशीन ठरलेलं. बाकी अठरांवर शॉर्टकट बंद, तेवढी माझी झोप शाबूत.

कोल्हापुरी_ठेचा
धागा वर काढतोय. माझं फिल्टर कीज बंद आहे, स्टिकी कीज बंद आहे, वरचे आकडे चालतात, पण उजवीकडच्या नंबर पॅडवरून पिन जात नाही. उलट ४ दाबलं की माउसचा बाण डावीकडे सरकतो. भूत आहे का?

खटपट्या
माउस कीज. डावी आल्ट, डावी शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबलं गेलं असणार. मग नंबर पॅड माउस होतो: ८ वर, २ खाली, ४ डावीकडे, ६ उजवीकडे, ५ म्हणजे क्लिक. त्याच तीन कीज पुन्हा दाबा. तोवर पिन वरच्या ओळीतून टाका.

बाण हलत नसता तर मी नुसतं नम लॉक बघा म्हटलं असतं.

कोल्हापुरी_ठेचा
गेलं भूत. 👍 पण नादात काहीतरी भलतंच दाबलं, आता सगळा पडदा काळा आणि अक्षरं पिवळी-हिरवी.

खटपट्या
नम लॉकच्या जागी प्रिंट स्क्रीनवर बोट पडलं. डावी आल्ट, डावी शिफ्ट, प्रिंट स्क्रीन म्हणजे हाय कॉन्ट्रास्ट. तसंच परत दाबा, आणि या खेपेला बघून दाबा.

कोल्हापुरी_ठेचा
आला मूळ रंगात. आता कीबोर्डला हात लावत नाही, मोबाइलवरून लिहितोय.